गडग्याबाहेरचा काका

माझ्या काकाची साखर वाढली आणि मला आनंद झाला. हे लिहिताना मला जराही लाज वाटत नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, इथे करणार नाही.

दिवेआगरला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. वर्षातून एकदा तिथल्या राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, कोंबडा, नारळ आणि दारू द्यायची, त्याला राखण म्हणतात. मान घरातल्या थोरल्याचा. थोरले माझे बाबा, पण बाबा प्यायचे. म्हणून काकाने मान स्वतःकडे घेतला आणि नियम काढला, की ज्याच्या रक्तात ओढ त्याने दारूच्या बाटलीला हात लावायचा नाही, गडग्याबाहेर बसायचं. वाडीच्या त्या दगडी कुंपणाबाहेर माझा बाप वर्षानुवर्षं उकिडवा बसला. पुढे बाबा वारले. मान माझ्या भावाकडे यायला हवा होता. भाऊ दारूचा वाससुद्धा सहन करत नाही. तरी काका भावकीसमोर म्हणाला, "दारुड्याचा पोर हाय. रगात कुठं जातंय?" भाऊ मान खाली घालून घरी आला. तेव्हाच मी ठरवलं, याचं उट्टं काढायचं.

काका स्वतः दारूला शिवत नाही. पण जेवण झाल्यावर गुळाचा खडा, चहात चार चमचे साखर, उशाखाली बर्फी. काकूने डबे कुलपात घातले तर हा शेजारी जाऊन मागून खायचा. पायाची जखम चिघळली तेव्हा त्याची मुलं मुंबईत, म्हणून अलिबागच्या डॉक्टरांकडे मी नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला कसलं व्यसन होतं का?"

"न्हाय हो," काका म्हणाला. "आमच्या घरात कोन न्हाय."

सख्खा भाऊ पुसून टाकला मेल्याने. मी म्हटलं, "होतं. यांच्या थोरल्या भावाला. दारूचं."

डॉक्टर समजावून सांगू लागले. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, एखादी गोष्ट पुन्हा हवीशी वाटते त्यात त्याचा मोठा हात असतो. काही घराण्यांत जनुकांमुळे ते काम जन्मापासून जरा वेगळं चालतं. मग मेंदू जास्त मागतो. कुणी दारूकडे वळतो, कुणी गोडाकडे, आणि भूक, वजन, साखर सगळं त्यामागे फरफटतं. "जनुकं एकटी काही ठरवत नाहीत," ते म्हणाले, "पण ओढ वाढवू शकतात."

काकाचा चेहरा उजळला. "मंजे माजा दोष न्हाय!"

माझं अंग पेटलं. बाबांना जी माफी कधी दिली नाही, ती याने स्वतःसाठी चटकन उचलली. तरी मी त्याला अडवलं नाही. त्याने गावभर सांगावं अशीच माझी इच्छा होती. आणि त्याने सांगितलं. काकू डबा हिसकावू लागली की, "रगातलंच हाय, डॉक्टर बोलला."

राखणीच्या दिवशी सगळी भावकी जमली. काकाने बाटली उचलली तशी मी पुढे झाले.

"काका, तुमची साखर कशामुळे?"

"रगातली हाय ती. सांगलं न्हाय का?"

"आणि बाबांची दारू? आईबाप तर तेच."

काकाने बाटली छातीशी धरली. मी म्हटलं, "नियम तुमचाच आहे. रक्तातल्या ओढीला बाहेर बसवायचं असेल, तर आज तुम्ही बसा."

भावकीतल्या सर्वांत म्हाताऱ्या चुलत्याने काकाच्या हातातली बाटली काढून माझ्या भावाकडे दिली. "पोरगी खरं बोलते," एवढंच तो म्हणाला. काका पाय ओढत गडग्याबाहेर गेला. भावाने राखणदाराला गाऱ्हाणं घातलं, वाडी आणि घर सांभाळ म्हणून विनवलं.

प्रसादाचं गूळखोबरं पानावर घेऊन मी गडग्यापाशी गेले. काकाने हात पुढे केला. "एकच खडा दे गो." माझ्या बापाचा हातही तिथूनच असा पुढे यायचा आणि काका तो काठीने मागे लोटायचा. मला काठीची गरज पडली नाही. गडग्याच्या आत, त्याला दिसेल पण पोचणार नाही अशा जागी मी ते पान ठेवलं आणि त्याच्याकडे बघत गूळखोबरं सावकाश खाल्लं.

कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत तो पसरलेला हात पुन्हा एकदा बघावा, अशी ओढ मला लागली होती.