तांबडीची मान

नवरा धरणावरच्या नोकरीतून निवृत्त झाला तसं आम्ही भातसानगरचं क्वार्टर सोडून गावच्या घरी राहायला आलो. इतकी वर्षं मनात होतं ते मी पहिल्याच उन्हाळ्यात केलं, चार गावठी कोंबड्या आणल्या. नवरा म्हणाला, "आता ओटीवर घाण." पण त्यांतली तांबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली, तेव्हा रोज सकाळी पाटीत डोकावून बघणारा तोच होता.

पिल्लं निघाली. मी त्यांना कणी भिजवून घालायची, दुपारी घार फिरायला लागली की डालग्याखाली झाकायची. अंगणापलीकडे थोरल्या जाऊबाईंचं घर. त्यांचं खुराडं कायम भरलेलं. अंडी विकून त्यांचा वरखर्च निघतो. माझा सगळा हौसेचा मामला.

अशातच वरच्या आळीत कोंबड्या मरायला लागल्याचं कानावर आलं. मानमोडी. मागे एकदा या रोगात जाऊबाईंचं अख्खं खुराडं रिकामं झालं होतं. तेव्हापासून त्या नुसतं नाव ऐकलं तरी धास्तावतात.

आणि दुसऱ्याच सकाळी बघते तर तांबडी एका बाजूला मान वाकडी करून उभी. मान झटकत होती, चोचीतून लाळ गळत होती. पिल्लं पायांत घुटमळत होती, तिचं लक्षच नव्हतं.

जाऊबाई कुंपणापाशी येऊन थबकल्या. "मानमोडीच हाय गो ही! नेऊन पूर तिला. पिल्लं पन ठेवू नको."

"डॉक्टरांना तरी दाखवू या," मी म्हटलं.

"डॉक्टर येस्तवर माज्या मरतील त्याचं काय?"

त्यांचं चुकत नव्हतं. नवऱ्याने आधी सरकारी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेत, दुपारपर्यंत येतील, असं कळलं. मग नवरा जाऊबाईंना म्हणाला, "वहिनी, दुपारपर्यंत थांबा. डॉक्टर बोलले तर मी स्वतः खड्डा खणतो."

तांबडीला मागच्या न्हाणीत कोंडलं, पिल्लांना ओटीवर डालग्याखाली. त्यांची चिवचिव थांबेना. मी साबणाने हात धुतले, परत धुतले. स्वयंपाक केला, पण तो तसाच झाकून ठेवला. एवढ्याशा जिवांना कुणी पुरायचं, हाच विचार.

डॉक्टर मोटारसायकलवरून आल्या. तरुण पोरगी होती. तिने हातमोजे चढवले आणि नवऱ्याला तांबडीला अंगणात आणून घट्ट धरायला सांगितलं. पाय बघितले, पंख पसरून बघितले, मग चोच उघडून आत टॉर्च मारला.

"काकू, हे बघा."

जिभेच्या बुडाला एक निळा धागा करकचून गुंडाळला होता. त्याचं दुसरं टोक घशात गेलेलं. खाद्याच्या पोत्याचा धागा. तिने तो ओढला नाही, बारीक कात्रीने जिभेखाली कापून सोडवला. "उरलेला पोटातून जाईल बहुतेक. दोन दिवस लक्ष ठेवा. ही मानमोडी नाही."

"नक्की?" कुंपणापलीकडून जाऊबाईंचा आवाज.

"नक्की. पण वरच्या आळीत रोग आहे, तेव्हा तुमच्या दोघींच्या कोंबड्यांना उद्या लस देऊ."

तांबडीने वाटीतलं पाणी प्यायला सुरुवात केली. चोच बुडवायची, मान वर करून गिळायची. मान सरळ! मी पायरीवर बसले. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. नवऱ्याने डालगं उचललं. तांबडी घशातल्या घशात कुरकुरली मात्र, पिल्लं धावत जाऊन तिच्या पंखांखाली दडली.

जाऊबाई आता अंगणात आल्या होत्या. "बरं झालं तुमी थांबलात," त्या हळूच म्हणाल्या. मग लगेच आवाज चढवून, "पन लस दिल्याबिगर माज्या दारात सोडू नको हा!"

"नाही सोडत," मी म्हटलं, आणि चहाचं आधण ठेवायला उठले. सकाळपासून कुणीच चहा घेतला नव्हता.