राजमती आक्काचे तीन आठ

माझं नाव आण्णाप्पा. निपाणीत माझं टायरचं दुकान हाय, आणि माझं डोस्कं लौकर तापतंय हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. गेल्या एप्रिलात तर असं तापलं की विचारू नका. कारण आमच्या राजमती आक्काला लोक हसले.

आक्काचं गॅरेज माझ्या दुकानाला लागून. वय बावन्न. साडीवर खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दिवस बुडायच्या आत जेवणार, कांदा-लसूण तोंडात घालणार न्हाय, पण इंजिन उघडलं की तहान-भूक विसरणार. तरुणपणी कारखान्याला ऊस घालायला बापाचा ट्रॅक्टर हीच न्यायची, मागं दोन ट्रॉल्या जोडून. अवकाळी पावसात उतारावर मागची ट्रॉली आडवी यायला लागली की वर बसलेले गडी उड्या टाकून पळायचे. ही ब्रेकवरचा पाय काढायची, स्टेअरिंग ट्रॉलीच्या अंगाला सोडायची आणि जिथं जायचंय तिथंच बघत राहायची. ट्रॉली गुमान मागं यायची.

या आक्काकडं बेळगावचे आनंद वकील एक गाडी घेऊन आलते. लाल, दोन सीटची, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार. इंजिन जाम. ताकद मागच्या चाकांना जाती, पण ताकद म्हणाल तर नव्वद एचपी. आक्कानं त्या इंजिनात अकरा महिने घातले. मिळेना तो पार्ट स्वतः लेथवर उभं राहून करून घेतला. ज्या दिवशी ते सुरू झालं त्या दिवशी तिनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

आणि वकिलांनी काय करावं? कुण्या क्लबवाल्यांनी त्यांच्या कानात भरवलं की ही गाडी ड्रिफ्टला चालायची न्हाय. ड्रिफ्ट म्हणजे मागची चाकं घसरवत, पुढची उलट्या बाजूला धरून, गाडी आडवी पळवायची. त्याला म्हणे दोनशे एचपी तरी लागतंय. वकील गॅरेजात येऊन म्हणाले, "आक्का, मोठं इंजिन बघून ठेवलंय. सोमवारी हे काढून टाका. भंगारात गेलं तरी चालेल."

भंगारात! माझ्या हातात टायर उचकटायची टॉमी होती. ती मी आधी खाली ठेवली.

आक्का म्हणाली, "रविवारी बेळगावात ड्रिफ्टचा कार्यक्रम हाय न्हवं? मी गाडी घसरवत आकड्यातले तीन आठ काढून दाखवते. मधी एकदा जरी घसरण तुटली, तर हे इंजिन माझ्या हातानं काढून देते. न्हाय तुटली, तर ते जिथं हाय तिथंच राहणार."

"कबूल," वकील म्हणाले.

आता माझा शहाणपणा ऐका. आमच्यात कार्याला जाताना पायात जुनं घालत न्हाईत. मग आक्काची गाडी एवढ्या लोकांत झिजून टकल्या झालेल्या टायरवर जाणार? शनिवारी आक्का जैन बस्तीत देवदर्शनाला गेलती, तेवढ्यात मी चारी टायर बदलले. दुकानातले सगळ्यात भारी, रुंद, रस्त्याला घट्ट धरणारे. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आक्का आली, गाडीकडं बघितलं, बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटलं. मला वाटलं, बाईला भरून आलं.

जुने टायर टेंपोत टाकून मी त्याच दिवशी बेळगावला लागून असलेल्या हिंडलग्याला गेलतो. तिथं माझी बहीण शालूबाई असती. तिच्या गोठ्याचे पत्रे वाऱ्यानं उडायचे, त्यावर वजन म्हणून चारी टायर ठेवून दिले.

रविवारी बेळगावजवळच्या एका बंद कारखान्याच्या काँक्रीटच्या पटांगणात गर्दी जमली. माईकवाला पोरगा आक्काला म्हणाला, "काकू, आठ काढायचा हाय, माहीत हाय न्हवं?"

"कुठला आठ?" आक्का म्हणाली. "मराठी, कन्नड का इंग्रजी?"

"इंग्रजी! तोंड बंद असलेला!"

"मग तू पण जरा बंद ठेव की. आणि नंबर लौकर लाव, मला उजेडात घरी पोचून जेवायचंय."

लोक खळखळून हसले. पण सरावाला गाडी वळली आणि हसणं बदललं. गाडी घसरेचना! चाकांनी काँक्रीट असं धरलं की इंजिन बिचारं गुदमरायला लागलं. लग्नाच्या वरातीसारखी गाडी गोल फिरून आली. एकजण ओरडला, "काकू, हाताचा सिग्नल द्या की!" आनंद वकिलांनी मान खाली घातली.

आक्का खाली उतरली. "आण्णाप्पा, जुने टायर कुठं हाईत रं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कमी ताकदीच्या गाडीला मागं पकड नको, पकड पुढं पाहिजे. तीस वर्षं टायर विकतोय आणि हे मला कळू नये? "आक्का, तुला कालच कळलं होतं. बोलली का न्हाईस?"

"तू नारळ फोडलेलास," ती म्हणाली. "काढ म्हणून कशी सांगू? वाटलं, रेटून नेईन."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. वकिलांना म्हटलं, "अर्धा तास थांबवा या माईकवाल्यांना," आणि टेंपो हिंडलग्याकडं पिटाळला. गोठ्यावर चढलो तर शालूबाई खालून बोंबलत होती, "मुडद्या, म्हशी बुजल्या की!" मी दोन टायर खाली फेकले आणि निघालो.

पटांगणात मागची दोन चाकं काढली. टॉमी घातली, टायर उचकटले, टकले चढवले, हवा दगडासारखी भरली. बोटं सोलली, पण हात थांबला न्हाय. पुढं नवे, मागं टकले. आक्कानं मागच्या टायरवरनं हात फिरवला आणि पदर खोचला.

गाडी निघाली. आक्कानं वळताना क्लच दाबून झटक्यात सोडला आणि शेपूट गेली! पहिला आठ. मध्यावर शेपूट या अंगावरनं त्या अंगावर गेली, घसरण तुटली न्हाय. दुसरा आठ. धूर, जळक्या रबराचा वास, पोरं बाकड्यांवर उभी. तिसऱ्याच्या मध्यावर इंजिनाचा आवाज बसला. आक्काची नजर हलली न्हाय. आणखी एकदा क्लच, इंजिन किंचाळलं, शेपूट पलीकडं गेली आणि आठ मिटला!

मी काय ओरडलो मला आठवत न्हाय. शेजारचा म्हणतो, शिव्या होत्या.

आनंद वकील गाडीपाशी आले. "आक्का," ते म्हणाले, "त्याला भंगार म्हणालो, ते माझं चुकलं. इंजिन राहू दे."

आक्का गाडीच्या पुढं आली. बॉनेट उघडलं, आणि उसाच्या उतारावर कधी न डगमगलेली ती बाई पदरानं इंजिन पुसत हमसून हमसून रडली. मी पण रडलो, लपवत न्हाय.

मागचे दोन्ही टायर तारा दिसेपर्यंत झिजले होते. मी विचारलं, "आता ते नवे परत चढवू?"

"तुझ्या बहिणीकडं दोन टकले उरलेत की, ते घाल," आक्का म्हणाली. "नव्यांना चांगली जागा बघून ठेवलीय मी."

येताना आम्ही हिंडलग्याला थांबलो. आजबी जाऊन बघा. शालूबाईच्या गोठ्यावर, पत्रे उडू नयेत म्हणून, माझ्या दुकानातले सगळ्यात भारी दोन टायर ठेवलेत. हळद-कुंकवासकट.