गळ्याखाली उतरेल असा एग रोल

अक्का पहिला घास घेतला की डोळे मिटायची. उजवा हात टेबलावर पालथा ठेवायची आणि चावत राहायची, चावतच राहायची. बाजूला उभ्या असलेल्या वेटरला वाटायचं, बाई मोठ्या दर्दी दिसतात, चव घेताहेत. समोर बसलेल्या मला ठाऊक असायचं की तिचं लक्ष चवीकडे नाहीच, घास खाली उतरतोय की नाही तिकडे आहे. मग ती डोळे उघडायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि म्हणायची, "सरी." म्हणजे ठीक, गेला एकदाचा. आणि लगेच प्लेट माझ्याकडे सरकवून, "पण हा तो नव्हे गं."

बंगळुरातल्या जवळजवळ सगळ्या जुन्या चायनीज हॉटेलांनी तिचं हे "तो नव्हे" ऐकून घेतलंय.

अक्का म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. खरं तर माझी आत्या, पण सगळं घर तिला अक्का म्हणतं म्हणून मीही तेच. जन्म बेळगावचा. ऐन विशीत इथल्या सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये लागली आणि मल्लेश्वरमला राहिली ती कायमची. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर, "वेळ नव्हता की," एवढंच म्हणायची आणि विषय संपायचा. मी पुण्याहून नोकरीसाठी मारतहळ्ळीला आले तेव्हा बाबांनी मला सांगितलं, अक्काकडे लक्ष ठेव. तिलाही फोन करून सांगितलं, पोरीकडे लक्ष ठेव. आम्ही दोघी बरीच वर्षं एकमेकींकडे लक्ष ठेवून होतो.

एग रोलचं प्रकरण तिच्या पहिल्या पगारापासूनचं. पगाराच्या दिवशी सेक्शनमधल्या सगळ्या बायका ब्रिगेड रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका चिनी हॉटेलात जायच्या. दारावर लाकडी ड्रॅगन, आत लाल कंदील आणि इतका अंधार की आपण काय खातोय ते शेजारच्या टेबलाला दिसू नये. घरात माझी आजी तिच्याजवळ राहायची, आणि त्या घरात अंड्याचं नावही काढायची सोय नव्हती. अक्काने त्यावर पळवाट काढली होती. "ड्रॅगन ओलांडला की आपण चीनमध्ये. चीनमध्ये काय खाल्लं ते मल्लेश्वरममध्ये धरत नाहीत." परत येताना दाढेखाली वेलची धरायची, आईला वास येऊ नये म्हणून. आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी बाई हॉटेलच्या पायऱ्या उतरताना पर्समधून वेलची काढायचीच. मलाही एक द्यायची. मी म्हणायचे, "अक्का, आता कोण वास घेणार आहे?" तर म्हणायची, "असू दे की. सवय आहे."

आता ते हॉटेल राहिलेलं नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. त्यामुळे एका शनिवारी सकाळी तिने फोन करून "तसला रोल दुसरीकडे कुठं मिळतो का बघू या, चल," म्हटलं तेव्हा मी आनंदाने गाडी काढली. तसला म्हणजे कसला, ते गाडीत बसल्या बसल्या तिने मला शिकवलं. अंड्याचं धिरडं इतकं पातळ घालायचं की खालची बशी दिसावी. आत कोबी आणि कांद्याची पात, अगदी बारीक. घट्ट गुंडाळून तळायचं आणि तिरके तुकडे करायचे. सोबत व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या. एका ठिकाणी एग रोल म्हणून पराठ्यात गुंडाळलेलं ऑम्लेट आलं, तेव्हा तिने काट्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि वेटरला कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, हा सकाळचा नाष्टा आहे काय?"

सुरुवातीला मी मजेत होते. कुठे कोबी जाड चिरलेला, कुठे आवरण चिवट, कुठे तेल फार. अक्का नावं ठेवायची, मी खाऊन संपवायचे. मग हळूहळू दिसायला लागलं. प्रत्येक घासामागे पाणी. डोसा सांबारात बुडवून पार लगदा झाल्याशिवाय तोंडात नाही. आणि एकदा तिच्या स्वयंपाकघरात गेले तर भाकरीचा तवा नव्हता. बेळगावची बाई, भाकरीशिवाय हिचं जेवण व्हायचं नाही, आणि तवा शेजारच्यांना देऊन टाकलेला! "पीठ चांगलं मिळत नाही हल्ली," म्हणाली.

"अक्का, डॉक्टरला दाखवू या."

"घशाला काय धाड भरली नाही माझ्या. या लोकांना रोल करायला येत नाही, त्याला डॉक्टर काय करणार? नीट केलेला असला ना, की सुळ्ळकन खाली जातो बघ."

तेव्हापासून शनिवार आला की मला धडकी भरायची. नाही म्हणायचीही सोय नव्हती, कारण मी नाही म्हटलं असतं तर ती एकटी रिक्षा करून गेली असती आणि घास अडकला असता तर पाठीवर थाप मारायला कुणी नसतं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "तिला आजवर कुणी काही करायला लावलंय का?" आणि फोन ठेवला. इतक्या घाईने का ठेवला, ते मला नंतर कळलं.

रिंग रोडवर आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. मी पुन्हा डॉक्टरचा विषय काढला. या वेळी अक्का चिडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं गं. आधी भाकरी सुटली, मग भात, मग पेज."

आजी घशाच्या दुखण्याने गेली हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला गिअर सापडेना.

"घाबरतेयस कशाला?" ती म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला. "घाबरायचं मी की तू? हे बघ, तो खरा रोल एकदा मिळू दे. तो उतरला तर मला काही झालेलं नाही, दोष बाकीच्यांच्या रोलचा. नाही उतरला, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. मग तर झालं?"

मी कबूल केलं. एखाद्या बाईने आपला जीव कोबीच्या रोलवर लावावा, आणि मी त्याला हो म्हणावं! पण तेवढाच एक रस्ता तिने उघडा ठेवला होता.

पत्ता एका म्हाताऱ्या वेटरने दिला. त्या जुन्या हॉटेलच्या मालकाची मुलगी कम्मनहळ्ळीच्या बाजूला राहत्या घराखालीच थोडी टेबलं मांडून धंदा करते म्हणाला. गेलो. दारावर तोच लाकडी ड्रॅगन, रंग उडालेला. अक्का त्याच्यापुढे उभीच राहिली. मालकीणबाई पिकल्या केसांच्या चिनी बाई, आमच्यापेक्षा अस्खलित कन्नड बोलणाऱ्या. कारखान्याच्या पगाराच्या दिवसाचं नाव काढताच हसल्या. "त्या सगळ्या हसणाऱ्या बायका! वडील म्हणायचे, आज जास्त कोबी चिरा." आणि स्वतः आत गेल्या.

प्लेट आली. धिरडं पातळ, तुकडे तिरके, मिरच्या हिरव्यागार. अक्काने वास घेतला आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, होणार, उतरणार. देवा, उतरू दे. तिने डोळे मिटले. हात पालथा ठेवला. चावता चावता मान हलवली आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "हाच तो."

आणि तो उतरला नाही.

आधी टेबलावरच्या तिच्या हाताची मूठ वळली. मग डोळे उघडले, मोठे झाले. मी किंचाळले, मला नुसतंच उभं राहता आलं. मालकीणबाईंनी धावत येऊन तिला पुढे वाकवलं आणि पाठीवर थाडथाड थापा मारल्या. घास बाहेर पडला. अक्काचे डोळे वाहत होते. तिने नॅपकिनने तोंड पुसलं, मालकीणबाईंचा हात धरला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "तुमचा रोल फार चांगला झालाय." मग माझ्याकडे वळली. "आता नावं कुणाला ठेवू? चल, कुठं जायचं तिथं."

पायऱ्या उतरताना तिने वेलची काढली, बघितली आणि मला दिली. स्वतः घेतली नाही.

दुर्बिणीने तपासलं, तुकडा काढून पाठवला. जे निघायचं तेच निघालं. बाबा पुण्याहून येऊन राहिले, ऑपरेशन झालं, पुढचे महिने ती नळीवर होती. आवाज खरखरीत झाला होता, हुकूम सोडणं मात्र थांबलं नव्हतं. दर शनिवारी मला कम्मनहळ्ळीला पिटाळायची. "जा, खाऊन ये." माझ्या घशाखाली घास जायचा नाही, तरी खायचे, मालकीणबाई समोर बसून राहायच्या. परत आले की अक्का रोल कसा होता ते कधीच विचारायची नाही. विचारायची, "उतरला ना नीट?"

"उतरला."

"सरी," म्हणायची आणि डोळे मिटायची.

शेवटच्या शनिवारी मी पोचले तेव्हा ते विचारायलाही ती नव्हती. वेलचीची डबी तिने बाबांकडे माझ्यासाठी देऊन ठेवली होती.

आता बाबा माझ्याकडेच असतात. जेवताना ते माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे, दोघंही दुसऱ्याला कळू नये असं. परवा ज्वारीच्या भाकरीचा घास माझ्या घशात जरासा थांबला. क्षणभरच. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "पीठ चांगलं नाहीये हल्लीचं."

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला.

मी उठले, हात धुतला आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. सोमवारची वेळ मिळाली आहे. खूप भीती वाटतेय, अक्का.