पत्र्यावरचा खडू

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. मेडशीच्या मोटार थांब्यावर एकाने नवं चहाचं दुकान टाकलं होतं. कानावर खडू. धुराने काळ्या पडलेल्या पत्र्यावर तो फक्त चुकलेलं लिहून ठेवी: 'भजी उरली', 'चहा गोड झाला'. दुकान दिवाळीपर्यंत टिकेल, असं कुणालाच वाटत नव्हतं.

एकदा आमची मोटार तिथेच बंद पडली. दुपारपर्यंत आम्ही प्रवाशांनी त्याची सगळी भजी संपवली.

मी म्हटलं, "आजचा धंदाही लिहा की."

"कायले जी? थे लिवून ठेवलं त उद्या मोटार बिघडाचीच वाट पाहात बशीन मी."

मग त्याने सदऱ्याला हात पुसले, कानावरचा खडू काढला आणि लिहिलं, 'दूध कमी पडलं.'