खानझोडे गुरुजींच्या जोड्या

खानझोडे गुरुजींच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवणे नसे. आधी जोड्या लागत. ज्याला येते त्याच्या शेजारी ज्याला येत नाही तो. "यानं चुकवलं तं मार तुले," असे ते हुशार पोराला बजावत. हिंदी मुलखातल्या आमच्या गढा वस्तीत म्युनिसिपालिटीच्या शाळेतला मराठी वर्ग असा चालायचा. मी लाकूडफोड्याचा पोरगा. माझी जोडी वकिलांच्या मनोहरशी. माझ्या त्रैराशिकापायी त्याने छड्या खाल्ल्या, मला चिमटे काढले, आणि दोघांचेही गणित पक्के झाले. गोहलपुरात माझी लाकडाची वखार उभी राहिली ती त्या तरटपट्टीवर.

पुढे मनोहरही वकील झाला, म्युनिसिपल कमिटीवर गेला. त्याच सुमारास सिव्हिल लाइन्सकडे खाजगी इंग्रजी शाळा निघाली. तिथे चाचणी घेऊन पोरे निवडत. मनोहरने मुलाला तिकडे घातले, मग डॉक्टरांनी, मग हेडक्लार्कांनी. इकडे जोडीला जोड उरेना. गुरुजी उतारवयात एकेका पोराशेजारी स्वतः मांडी घालून बसू लागले. "सगळ्यांचा जोडीदार मीच होऊन राहिलो," म्हणत आणि हसत. मला हसू येत नसे. माझा पोरगा त्याच वर्गात होता.

मी मनोहरच्या ओसरीवर गेलो.

"काहून रे, पोरगा काढला?"

"अरे भैया, तू पण घाल ना तुझा. चाचणी पास झाला की घेतात."

"अन् नापास झाला तं?"

"मग आपली शाळा आहेच ना!"

मी सौदा टाकला. "तुझा पोरगा परत धाड. शाळेचं गळकं छप्पर मी माझ्या लाकडानं नवं करून देतो."

"ही काय वखार आहे?" तो म्हणाला. मग मी नको ते बोललो.

गुरुजींच्या कानावर गेले. ते वखारीत येऊन माझ्यावरच उखडले. "सौद्यात राग आणला की गिऱ्हाईक जाते. इतकं शिकून इतकंच नाही आलं तुले?"

पुढे कमिटीत ठराव आला: हजेरी कमी, निकाल वाईट, सबब मराठी वर्ग बंद. ठराव मांडला मनोहरनेच. हुशार पोरे उचलून नेल्यावर निकाल वाईट लागणार नाही तर काय?

गुरुजींना कुंडमकडे जंगलातल्या एका शाळेत जागा मिळाली. बैलगाडीत ट्रंक चढवताना मी म्हणालो, "थांबा, गुरुजी. कमिटीपुढे चला. मी भांडतो."

"तू भांडशील, मनोहर उत्तर देईल. दोघंही माझेच. मी कोणाकडून बोलू?" ते गाडीत चढले. "जाऊ दे मले. तिथं अजून पोरं वेचाले कोणी नाही आलं."