अठरा डावीकडं, एकोणीस उजवीकडं

"या दातांवर दगड कुणी फिरवला? बोला ना, कुणी फिरवला?"

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेचे मामा ओरडत होते. टेंभुर्णीतला तो आवाज पार घनसावंगीच्या बसस्टँडवर ऐकू गेला, आणि हे मी कमी करून सांगतोय. त्यांच्या हातात करवत माशाचं वाळलेलं नाक होतं. हातभर लांब, फळीसारखं चपटं. दोन्ही कडांना दात होते, ते आता गुळगुळीत.

दरवर्षी नवी पोरं त्याला शार्क म्हणत. मामा भिंतीवरच्या चित्रावर काठी टेकवत. "पोटाकडून बघा. तोंड खाली, कल्ले बी खाली. शार्कचे कल्ले बाजूला राहतात. हे पाकट हाय, भाकरीवाणी चपट्या माशांच्या घरातलं." तीस वर्षं तेच सांगून मामा इतके थकले होते की शेवटी डोळे मिटूनच सांगत.

समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नाकाच्या पेटीत ठेवायचा कापूर आणायला जुन्या जालन्यापर्यंत. पण मासा गाळात नाक कसं फिरवतो, लपलेलं भक्ष्य डोळ्याआधी नाकाला कसं कळतं, हे असं सांगत की जणू कालच त्याच्याकडं जेवून आल्ते. दर शनिवारी बोट फिरवून दात मोजत. "मुळातून गेला का परत येत न्हाई, सर. आन् मासाच आता कुठं दिसून न्हाई राह्यला म्हणतात."

दसऱ्यानंतर ते निवृत्त होणार होते. एकच इच्छा होती: विज्ञानाचा मास्तर म्हणून माझ्या ताब्यात नाक पुरं द्यायचं. "मोजून देतो, मोजून घ्या."

खंडेनवमीला शाळेची हत्यारं पुजायची. कुदळ, विळा, कात्रीच्या टोपलीत मामा हे नाकही ठेवत. यंदाही त्यांनीच ठेवलं. नवे हेडमास्तर उत्साही. पूजेला बोथट हत्यार नको म्हणून टोपली जशीच्या तशी धारवाल्याकडं धाडली. धारवाला इमानदार माणूस. धार येईना तरी त्यानं एकही दात घासायचा सोडला नाही.

ओरडून झाल्यावर मामा खाली बसले. तरीही मला मोजायला लावलं. अठरा खुंट, एकोणीस खुंट. मग नाक फडक्यात गुंडाळू लागले.

हेडमास्तर ओशाळून म्हणाले, "जाऊ द्या मामा, आपण नवं मागवू."

फडक्याची गाठ मारत मामा म्हणाले, "कुठून?"