वही मेली की जिवंत?

गोदावरीकाकू सव्विसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी मूल नव्हतं. होती लाल बासनात बांधलेली एक वही. नाशिकच्या उपाध्यांचं घर अशा वहीवरच चालायचं. कुठल्या गावचा यजमान आपला, त्याचा आजा-पणजा गंगेवर, म्हणजे गोदेवर, कधी आला, सगळं तीत सहीनिशी. काकूंनी रडण्यात फार दिवस घालवले नाहीत. मोडी शिकल्या, विधींना एक भटजी ठेवला आणि पंधरा वर्षं यजमान राखले.

मग पुतण्या वेणीमाधव मोठा झाला आणि त्याला अक्कल फुटली. "ज्या घरात पुरुष नाही त्या घरची वही मेली. ती मला मिळावी," असा अर्ज त्यानं उपाध्यांच्या पंचायतीत टाकला. चार पंचांत दोघे त्याच्या बाजूनं, दोघे काकूंच्या. पाचवी जागा रिकामी. छत्तीस सालच्या श्रावणात तिची निवडणूक लागली, आणि उभा कोण? हाच वेणीमाधव! स्वतःच्या अर्जाचा निकाल स्वतःच देणार! समोर होते शामसुंदरशास्त्री.

रीत अशी, की एका वहीला एक मत. ज्याला द्यायचं त्याच्यापुढे वही ठेवायची. काकूंची वही वादातली, म्हणून मोजणीत धरलेलीच नव्हती. तरी ती मांडीवर घेऊन काकू बायकांत बसल्या. हरलो तर निदान शेवटपर्यंत हातात तरी राहील!

पंचायतीच्या ओसरीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"अहो, ढकलू नका, ढीग पडेल!"

"शास्त्रीबुवा सोळा! माधव सोळा!"

"सतरा!"

"इकडेही सतरा!"

वह्या संपल्या. आता चिठ्ठी टाकायची, असं थोरले पंच म्हणाले. वेणीमाधवाला दम कुठला? तो ताडकन उठला.

"थांबा! आमच्या घरची एक वही राहिलीय. काकांची!"

"अरे, ती मेली म्हणून अर्ज तुझाच ना?" थोरले पंच म्हणाले.

"मेली कशी? चांगली जिवंत आहे! आज सकाळीच सटाण्याच्या यजमानानं तीत सही केलीय. मी पाहिलंय. जिवंत वहीला मत आहे!"

"सर्वांसमोर म्हणतोस?"

"शंभरदा म्हणतो! काकू, आणा ती इकडे."

काकू उठल्या. बासन छातीशी धरून पुढे आल्या. वेणीमाधवानं दोन्ही हात पुढे केले.

"पंचांनी ऐकलं ना?" काकू म्हणाल्या. "जिवंत आहे. लिहून घ्या आधी."

कारकुनानं लिहिलं. काकू पुतण्याच्या हातांना वळसा घालून पुढे गेल्या आणि त्यांनी वही शास्त्रीबुवांच्या ढिगावर ठेवली.

"काकू! अहो, घरचं मत!"

"घरचंच आहे, माधवा. ज्या घरात मी राहते त्या घरचं."

ओसरी हसण्यानं दणाणली. अठरा विरुद्ध सतरा! शास्त्रीबुवांनी जागेवर बसताक्षणी तो अर्ज मागवला, अर्जदारानंच वही जिवंत म्हटल्याचा शेरा मारला आणि फेटाळला.

"काकू, पेढे!" बायका ओरडल्या.

"संध्याकाळी या," म्हणत काकूंनी ढिगातून आपली वही उपसली. त्यांचे निफाडचे यजमान केव्हाचे घाटावर खोळंबले होते.